वाचकांचे प्रश्न : परसातला जुना हौद

या महिन्याच्या टपालात जुन्या हौदांविषयीची तीन पत्रे आली आणि तिन्ही सोलापूर जिल्ह्यातलीच निघाली. उन्हाळा तोंडावर आला की हा विषय घरोघरी निघतो, म्हणून या वेळचे सदर त्यालाच दिले आहे. पहिल्या पत्राचे उत्तर बरेच लांबले आहे, परंतु त्या पत्रात एक गोष्ट अशी आहे की ती थोडक्यात सांगून भागणार नव्हते.

प्रश्न : सप्रेम नमस्कार. मंगळवेढा तालुक्यात आमचे वडिलोपार्जित घर असून परसात आजोबांच्या काळातील जमिनीतला हौद आहे. आतून तो १२ फूट लांब, ९ फूट रुंद आणि १० फूट खोल आहे. भिंती काळ्या दगडाच्या, चुन्यात बांधलेल्या आहेत. वर बाभळीच्या तुळयांवर शहाबादी फरश्या टाकलेल्या असून त्यांपैकी दोन फुटल्या आहेत. तळाशी दीड-दोन फूट गाळ आणि त्यावर थोडे काळे पाणी आहे. पंधरा-वीस वर्षे तो कोणी वापरलेला नाही. आता थोरले बंधू कुटुंबासह गावी राहायला आले आहेत. घरात लहान मुले आहेत आणि दारात दोन जनावरे आहेत. गवंड्याचे म्हणणे असे की फुटलेल्या फरश्या बदलून वर मुरूम पसरावा, म्हणजे अंगणही सपाट होईल. बंधूंच्या मनात हौद दुरुस्त करून त्यात छपराचे पाणी साठवावे असे आहे. गाळ काढण्यासाठी गावातील दोन गडी आत उतरायला तयार आहेत. आम्ही काय करावे?
— एक वाचक, मंगळवेढा तालुका

उत्तर : आपल्या पत्रातील शेवटून दुसरे वाक्य मी आधी घेतो. त्या दोघांना हौदात उतरू देऊ नका. हे पत्र आपल्या हाती पडेपर्यंत त्यांनी दोर आणि शिडी आणून ठेवली असेल, तर ती परत पाठवा, आणि मग पुढचे वाचा.

वर्षानुवर्षे झाकलेल्या हौदाच्या तळाशी पालापाचोळा, मेलेले उंदीर-बेडूक आणि गाळ कुजत असतो. कुजताना तेथील हवेतला प्राणवायू संपत जातो, आणि त्याच्या जागी कार्बन डायऑक्साइड, मिथेन आणि हायड्रोजन सल्फाइड हे वायू साचतात. मोकळ्या हवेत प्राणवायू २१ टक्क्यांच्या जवळपास असतो, तो १९.५ टक्क्यांच्या खाली गेला की त्या जागेत माणसाने शिरू नये, असा सुरक्षिततेचा सर्वमान्य दंडक आहे. हायड्रोजन सल्फाइडचा वास सडक्या अंड्यासारखा येतो, हे पुष्कळांना ठाऊक असते. मात्र त्याचे प्रमाण दहा लाख भागांत १०० भागांच्या आसपास पोहोचले की नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर होते, हे फारसे कोणाला ठाऊक नसते. ‘मघाशी वास येत होता, आता गेला’ असे आत उतरलेला माणूस म्हणू लागला, तर वायू निघून गेला असेलच असे नाही. त्याचे नाक निकामी झाले असेल. आपल्या हौदात वरून एक लांब बांबू घालून गाळ जरासा हलवून पाहा आणि तोंड बाजूला ठेवा. गाळातून बुडबुडे वर येताना दिसतील. हे बुडबुडे गडी फावडे मारतील त्या क्षणी एकदम मोकळे होणार असतात, आणि म्हणूनच शांत हौदावरून घेतलेला अंदाज फसतो.

आपण मंगळवेढ्याचे आहात, तेव्हा पेवाची, म्हणजे धान्य साठवण्यासाठी जमिनीत खणलेल्या कोठाराची, गोष्ट आपल्या घरातील वडीलधाऱ्यांना विचारून पाहा. ज्वारीचे पेव उघडले की लगेच कोणी आत उतरत नसे. तोंड मोकळे करून ते बराच वेळ तसेच ठेवत, मग कंदील दोरीने खाली सोडत, आणि तो विझला तर त्या दिवशी काम बंद. कोंडलेले धान्यही श्वास घेते आणि पेवातला प्राणवायू संपवते, ही गोष्ट रसायनशास्त्राचे नाव न ऐकलेल्या त्या माणसांना अनुभवाने कळलेली होती. ‘पेव फुटणे’ हा शब्दप्रयोग आपण आता कशाच्याही सुळसुळाटासाठी वापरतो. प्रत्यक्ष पेव फोडणारा माणूस मात्र फार जपून वागत असे.

तरीही कंदिलावर आज विसंबू नये. ज्योत विझली तर आत उतरणे प्राणावर बेतेल, एवढे नक्की कळते. पण ती तेवत राहिली म्हणजे हवा चांगली आहे असे सिद्ध होत नाही, कारण हायड्रोजन सल्फाइड माणसाला मारण्याइतका असूनही ज्योत जळत राहू शकते. शिवाय कुजलेल्या गाळातून निघणारा मिथेन पेट घेणारा वायू आहे, त्यामुळे हौदात उघडी ज्योत सोडणे हाच एक धोका. अशा जागेची हवा तपासण्यासाठी चार वायूंचे मीटर असते. ते प्राणवायू, हायड्रोजन सल्फाइड, कार्बन मोनॉक्साइड आणि ज्वलनशील वायू हे सर्व एकाच वेळी मोजते. मोठे कारखाने आणि अग्निशमन दल ते वापरतात.

एक माणूस आत कोसळला की दुसरा त्याला काढायला उतरतो, आणि मग तिसरा. आपल्याकडे अशा बातम्यांत मृतांची संख्या एकावर क्वचितच थांबते. म्हणून घरातल्या सर्वांना, मुलांनासुद्धा, आधीच सांगून ठेवावे की आत कोणी पडले तर मागोमाग उडी घ्यायची नाही. वरून हवा सोडायची, दोर टाकायचा आणि ११२ किंवा १०८ या क्रमांकावर फोन करायचा.

आता गाळ काढायचा कसा, हे पाहू. आपल्या बाबतीत एक सोय आहे : छत तसेही बदलावे लागणार आहे. ते आधी पूर्ण काढून टाकावे. सगळ्या फरश्या आणि तुळया निघाल्या की हौद बंद खोलीसारखा न राहता उघड्या खड्ड्यासारखा होतो आणि वाऱ्याला वाट मिळते. त्यानंतर गाळात पाणी सोडून तो सैल करावा आणि मड पंपाने किंवा सक्शन टँकरने, काठावरूनच, ओढून घ्यावा. पंपाचे इंजिन हौदात उतरवू नये. पेट्रोल किंवा डिझेल इंजिनाचा धूर अशा खोल जागेत काही मिनिटांत जीव घेतो. राहिलेला गाळ निघाला, भिंती वरून पाण्याच्या जोराने धुतल्या आणि तळ दोन दिवस उन्हात वाळला, की मगच माणसाने उतरण्याचा विचार करावा, आणि तेव्हाही तळापर्यंत नळी सोडलेला ब्लोअर चालू ठेवून, मीटरने तळाची हवा तपासून, छातीला पट्टा व दोर बांधून आणि वर दोन धडधाकट माणसे उभी करून. जड वायू तळाशीच बसतात, त्यामुळे वरचे तोंड उघडे आहे एवढ्याने तळ सुरक्षित होत नाही.

फरश्या काढताना त्यांच्यावर उभे राहू नये, हे सांगायला नको असे वाटेल, तरी सांगतो. बाभळीची तुळई मध्यभागी ठणठणीत दिसते आणि भिंतीत गेलेल्या टोकाला वाळवीने किंवा ओलीने पोखरलेली असते. टोकापाशी टोचा घालून पाहावा. तो बोटभर सहज आत गेला तर ती तुळई स्वतःचेच वजन कशीबशी पेलते आहे असे समजावे. काठाबाहेर उभे राहून, पहारीने आणि दोराने, एकेक फरशी बाजूला ओढावी. जेसीबी बोलवायचा मोह होईल. बोलावला तर हौद जितका खोल तितके अंतर, म्हणजे किमान १० फूट, काठापासून दूर उभा करावा. जुन्या दगडी भिंतीच्या पाठीमागे आपल्याकडची काळी माती आहे, आणि यंत्राच्या भाराने ती भिंतच आत ढकलते.

गवंड्याच्या सल्ल्याबद्दल मला जरा कडक लिहावे लागते आहे. फरश्या बदलून वर मुरूम पसरायचा आणि अंगण सपाट करायचे, म्हणजे दहा फुटांचा खड्डा नाहीसा न करता तो फक्त दिसेनासा करायचा. उघड्या हौदाला माणूस आणि जनावर दोघेही बिचकतात. मुरुमाखालच्या हौदाला कोणी बिचकत नाही. मी स्वतः ही चूक केली आहे. वीसेक वर्षांपूर्वी आमच्या शेतातल्या लहान हौदावर ‘एवढा पावसाळा निघू दे’ म्हणून मी पत्रे टाकले आणि त्यांवर चार धोंडे ठेवले. वाऱ्याने धूळ आली, कडब्याचा भुसा आला, पहिल्या दोन पावसांनंतर त्यावर हरळी उगवली, आणि श्रावणात पाहावे तर पत्रा कोठे संपतो आणि बांध कोठे सुरू होतो तेच कळेना. पोळ्याच्या आधी आमचा एक बैल त्यावर चढला. पत्रा वाकला, पुढचे दोन्ही पाय आत गेले, आणि छातीवर तो काठाला अडकून राहिला म्हणून वाचला. त्याला बाहेर काढायला सात माणसे आणि अर्धा दिवस लागला. त्या जागी शेजाऱ्यांचा मुलगा असता तर अडकण्याइतकी त्याची छाती रुंद नव्हती. तेव्हापासून झाकणाविषयी माझी पहिली अट अशी असते की झाकण लांबून दिसले पाहिजे.

म्हणून भिंतीच्या माथ्यावर चारी बाजूंनी काँक्रीटचा बीम घालून छत जमिनीपासून दीड फूट वर घ्यावे. त्याने तीन गोष्टी साधतात : अंगणातले, गोठ्यातले वाहते पाणी आत जात नाही, उसाची ट्रॉली किंवा ट्रॅक्टर चुकूनही त्यावर चढत नाही, आणि रात्री चालणाऱ्या माणसाच्या पायाला आधी बीम लागतो. बीम घालण्याचे दुसरे कारण असे की छताचे वजन चुन्यातल्या दगडांच्या आतल्या कडेवर न येता पूर्ण भिंतीवर सारखे पसरते. ९ फूट रुंदीच्या या हौदावर ५ इंच जाडीचा स्लॅब टाकला तर भिंतीवर बसणाऱ्या भागासह त्याचे वजन चार टनांहून थोडे अधिक भरते, आणि शंभर वर्षांच्या भिंतीवर ते कोठे टेकते याला महत्त्व आहे.

स्लॅब जागेवर ओतायचा असेल तर हौदाच्या आत सेंटरिंग, म्हणजे ओले काँक्रीट पेलणारा फळ्या-बल्ल्यांचा आधार, करावे लागते, आणि येथे मला दुसरा मोठा धोका दिसतो. काँक्रीट ओतून झाल्यावर आतली जागा चारी बाजूंनी बंद होते. ओल्या फळ्या आणि बल्ल्या दोन-तीन आठवडे आत कुजत राहतात आणि हवेतला प्राणवायू खातात. मग एखादा मजूर लहानशा भोकातून सेंटरिंग खोलायला आत जातो. हौद नवा, स्वच्छ, वासही नाही, त्यामुळे कोणाला शंका येत नाही. नव्या टाक्यांमध्ये सेंटरिंग काढताना माणसे गेल्याच्या घटना अशाच घडतात. म्हणून आपल्या हौदाला प्रीकास्ट फळ्यांचे छत करावे, असे माझे स्पष्ट मत आहे. एक फूट रुंद, ५ इंच जाड, सळई घातलेल्या काँक्रीटच्या बारा-तेरा फळ्या अंगणातच साच्यात ओताव्यात, पोती भिजवून किमान १४ दिवस पाणी मारावे (सोलापूरच्या मे महिन्यात दिवसातून दोनदा पाणी मारणे पुरत नाही, पोते सुकता कामा नये), आणि मग क्रेनने उचलून आडव्या बसवाव्यात. एका फळीचे वजन ३०० किलोच्या आसपास भरते, त्यामुळे माणसांनी ती हातांनी सरकवण्याच्या भानगडीत पडू नये. सळई किती आणि कोणत्या अंतरावर, हे तालुक्याच्या गावी असलेल्या एखाद्या स्थापत्य अभियंत्याकडून कागदावर लिहून घ्यावे. हा खर्च थोडा असतो.

उतरण्याचे भोक किमान दोन फूट बाय दोन फूट असावे, आणि ते ज्या फळीत येते ती तीन फूट रुंद करून भोकाभोवती जादा सळई घालावी. भोकाला सहा इंच उंचीची काँक्रीटची कड, तिच्यावर कडेबाहेर उतरणारे लोखंडी झाकण, बिजागरी, कडी-कोयंडा आणि कुलूप. एवढे सगळेच करतात. त्याखाली आणखी एक गोष्ट करावी : १२ मिलिमीटरच्या सळयांची, चार-चार इंचांच्या अंतराची, वेगळी उघडणारी जाळी. झाकण कोणाच्या तरी हातून उघडे राहणार, हे गृहीत धरून चालावे. जाळी असली की त्या दिवशी आत बादली पडत नाही आणि मूलही पडत नाही. कुलपाची किल्ली घरातील एकाच मोठ्या माणसाकडे असावी.

भिंतींविषयी थोडक्यात. दगडांच्या दरजांत पिंपळाचे रोप असेल तर ते उपटू नका, उपटले की त्याच्याबरोबर दगड येतो. पुन्हा पुन्हा कापून मुळे वाळू द्यावीत, मग दरजा खोलून भराव्यात. चुन्याची भिंत चुना-सुर्खीनेच (सुर्खी म्हणजे भाजलेल्या विटांची पूड) भरलेली चांगली, कारण काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, भिंत त्याबरोबर केसभर हलते, आणि चुना ते हलणे सोसतो; सिमेंटचा कडक गिलावा मात्र अशा भिंतीपासून एक-दोन वर्षांत सुटतो आणि थापटला की पोकळ वाजतो. चुन्यात काम करणारा गवंडी मिळणे कठीण झाले आहे, हे मला मान्य आहे. मिळाला तर त्याला दोन दिवस जास्त द्या. काम मार्च ते मे या काळात, जमीन भेगाळलेली असताना करावे आणि मृगाच्या आत संपवावे. भर पावसाळ्यात हौद पूर्ण रिकामा करू नये, कारण बाहेरची भिजलेली माती आणि पाणी भिंत आत दाबत असतात आणि आतून तिला तोलणारे पाणी तेव्हा नसते.

दुरुस्ती झाल्यावर आधी तीनच फूट पाणी भरून पाण्याच्या रेषेवर कोळशाने खूण करावी आणि दुसऱ्या दिवशी पाहावे. आपल्या हौदात एक इंच पाणी उतरणे म्हणजे साधारण २५५ लिटर जाणे.

आता बंधूंचा विचार. तो चांगला आहे आणि आकडे त्याच्या बाजूचे आहेत. वरचा एक फूट मोकळा सोडून ९ फूट पाणी धरले तर हौदात सुमारे २७,५०० लिटर मावते. एका चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी मिळते. आपले छप्पर १,००० चौरस फुटांचे, म्हणजे ९३ चौरस मीटरचे, सिमेंटच्या स्लॅबचे आहे असे धरू, आणि उडणारे-मुरणारे पाणी वजा करून ८० टक्के हाती येते असे धरू. तर हौद भरायला सुमारे ३७० मिलिमीटर पाऊस लागतो. आपल्या जिल्ह्याची वर्षाची सरासरी साडेपाचशेच्या आसपास आहे, आणि त्यातला मोठा वाटा सप्टेंबरात पडतो, त्यामुळे बऱ्या वर्षी दसऱ्यापर्यंत हौद भरलेला असावा. पाच माणसांनी माणशी ४० लिटर वापरले तर हे पाणी सुमारे १३७ दिवस पुरते. १ फेब्रुवारीला झाकण उघडले तर जूनच्या मध्यापर्यंत. पाऊस दगा देईल त्या वर्षी हाच हौद टँकरचे पाणी एका खेपेत उतरवून घ्यायला उपयोगी पडेल. घर माळवदाचे असेल तर मात्र हा हिशेब विसरावा. पांढऱ्या मातीचे छत पुष्कळ पाणी स्वतः पिते आणि देते ते गढूळ देते, ते झाडांना घालावे.

पहिल्या पावसाचे पाणी हौदात घेऊ नये. छपरावरची धूळ आणि पारव्यांची विष्ठा त्यात येते. दोन मिलिमीटर पाऊस वळवायचा म्हटले तर आपल्या छपराचे १८६ लिटर होतात, म्हणजे दोनशे लिटरचे एक पिंप. ते भरले की पुढचे पाणी हौदाच्या वाटेला लागेल अशी जोडणी नळकाम करणारा करून देतो, आणि प्रत्येक पावसानंतर पिंप रिकामे करण्याचे काम एका मुलाला नेमून द्यावे. हौदात येणारा पाइप तळाजवळ नेऊन त्याचे तोंड वर वळवावे, म्हणजे खाली बसलेला गाळ ढवळत नाही. जादा पाण्याचा पाइप जाळी लावून हौदापासून लांब, एखाद्या झाडाच्या आळ्यात सोडावा. भिंतीलगतची काळी माती आपल्याच पाण्याने फुगवण्यात अर्थ नाही. पाणी पोहऱ्याने न काढता हातपंपाने किंवा मोटारीने काढावे, कारण दोर आणि पोहरा हाताची सगळी घाण आत नेतात. मोटारीच्या बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) बसवून घ्यावा आणि कधी कोणी आत उतरलेच तर मेन स्विच बंद करून फ्यूज काढून खिशात ठेवावा. शौचालयाचा शोषखड्डा हौदापासून १५ मीटरांच्या आत असेल तर हे पाणी पिण्यासाठी वापरण्याचा विचार सोडून द्यावा.

पिण्यासाठी वापरताना ग्रामपंचायतीत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर मिळते ती वापरावी. चांगल्या पावडरीचे प्रमाण दर १,००० लिटरला अडीच ग्रॅम, म्हणजे भरलेल्या हौदाला सुमारे ७० ग्रॅम. पावडर थेट हौदात फेकू नये. बादलीत कालवून चुना खाली बसू द्यावा, वरचे निवळ पाणी हौदात ओतावे आणि तासभर थांबावे. नंतर आरोग्यसेवकाकडून ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरला आहे का याची तपासणी, करून घ्यावी. पोते उघडे राहिले की पावडरीतला क्लोरीन उडतो आणि मग चमचे कितीही मोजले तरी उपयोग होत नाही. जलजीवन मिशनखाली गावोगावी काही महिलांना पाणी तपासण्याचे फिल्ड टेस्ट किट वापरायला शिकवले आहे; आपल्या गावात त्या कोण आहेत हे ग्रामपंचायतीत विचारावे. नव्या गिलाव्यानंतरचे पहिले भरलेले पाणी तुरट-खारट लागते, ते जनावरांनाही न पाजता झाडांना घालावे.

प्रश्न : आमच्या मळ्यात वापरात नसलेला हौद आहे. आम्हाला तो नको आहे. गावातील कचरा आणि घर पाडल्याचा राडारोडा टाकून बुजवला तर चालेल का?
— एक वाचक, बार्शी तालुका

उत्तर : आधी तो हौदच आहे याची खात्री करावी. पंपाने पाणी उपसून दोन दिवस थांबा. पाऊस नसताना पाणी पुन्हा चढले तर तो आड आहे, त्याचा संबंध भूजलाशी आहे, आणि त्यात कचरा टाकणे म्हणजे शेजाऱ्याच्या विहिरीत टाकण्यासारखे आहे. तसा तो निघाला तर स्वच्छ दगड-मुरमाशिवाय त्यात काहीही टाकू नये. उघड्या पडलेल्या बोअरवेलमध्ये मुले पडण्याच्या घटनांनंतर २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने त्या बुजवण्याविषयी आणि त्यांना घट्ट झाकण लावण्याविषयी निर्देश दिले, ते आपल्याला माहीत असतील. आड आणि हौद त्या आदेशातील शब्दांत बसोत वा न बसोत, मूल त्यात पडले तर व्हायचे तेच होते.

हौद असेल तर कचरा तरीही नकोच. कचरा कुजतो, बसतो, वायू सोडतो, आणि पाच वर्षांनी तेथे पुन्हा खळगा पडतो. हौदाचा तळ तसाच ठेवून वर भर घातली तर ती पावसाळाभर भांड्यातल्या पिठासारखी भिजत राहते, म्हणून तळाला चार-पाच ठिकाणी पहारीने भोके पाडावीत. हे काम काठावरून लांब पहारीने करावे, आत उतरून नव्हे. तळाशी मोठे दगड, वर मुरूम, दर फुटाला पाणी मारून धुमसाने ठोकून. काळी माती फक्त वरच्या दीड फुटात, आणि तीही वीतभर उंच ढीग करून, कारण पहिल्या पावसाळ्यात ती बसणारच. भिंतींचे वरचे दोन फूट दगड काढून घेतले तर नांगर अडत नाही. त्या जागेवर पुढे खोली किंवा पाण्याची टाकी बांधू नये, आणि ती जागा नेमकी कोठे आहे हे सातबाऱ्याबरोबर ठेवलेल्या कागदावर बांधापासूनचे अंतर लिहून ठेवावे. आपल्यानंतर येणाऱ्याला ते ठाऊक नसेल.

प्रश्न : आमच्या झाकलेल्या हौदाला डासांचा फार त्रास होता, म्हणून मिस्त्रीने हवा जाण्याचे पाइपसुद्धा सिमेंटने बंद केले. आता पाण्याला कोंदट वास येतो. त्यात गप्पी मासे सोडावेत का?
— एक वाचक, दक्षिण सोलापूर तालुका

उत्तर : गप्पी मासे उघड्या, न पिण्याच्या पाण्यात सोडतात. आपला हौद पिण्याचा आहे असे पत्रावरून दिसते, शिवाय मासे असले तर त्यात क्लोरीन घालता येणार नाही. पाइप पुन्हा उघडावेत. पाणी भरताना आतली हवा बाहेर आणि उपसताना बाहेरची हवा आत यावी लागते. नाही तर ती झाकणाच्या फटीतून, धुळीसकट, येते. पेशव्यांनी कात्रजहून पुण्याला जो भुयारी नळ नेला, त्यावर वाटेत ठिकठिकाणी हवेसाठी उभे बांधकाम ठेवलेले होते आणि त्याला ‘उसासा’ म्हणत. आपल्याला तसलाच एक, चार इंची पाइपाचा, हवा आहे. पाइप छतापासून दोन फूट वर न्यावा, तोंड खाली वळवावे आणि त्यावर मच्छरदाणीइतक्या बारीक छिद्रांची, गंज न चढणाऱ्या तारेची जाळी क्लॅम्पने आवळावी. डेंग्यूच्या डासाची अंड्यापासूनची वाढ आठ-दहा दिवसांत पूर्ण होते, म्हणून जाळी आठवड्यातून एकदा बोटाने चाचपून पाहावी. जादा पाण्याच्या पाइपालाही जाळी आहे ना, ते आधी पाहा. डास बहुधा तेथूनच येत असावेत.